एप्रिल २०२९ चा धोंडा, आमचे काकाजी आणि सोसायटीचं कर्ज

काळी माती

परवा रात्रीची गोष्ट. आमच्या फीडरला या आठवड्यात रात्रीची लाईन आहे. बाराला येते, आली तर. गहू ओलायला गेलो होतो. शेजारच्या वावरातले काकाजी पण त्यांच्या हरभऱ्याला पाणी द्यायला आलेले. लाईन यायला वेळ होता म्हणून धुऱ्यावर तुराट्या पेटवून दोघं शेकत बसलो. वर आभाळ एकदम स्वच्छ, तिकांडं माथ्यावरून थोडं कललेलं. काकाजींनी वर पाहिलं आणि विचारलं,

"काहून गा, दोन हजार एकोणतीसले दुनिया बुडते म्हणते नं?"

म्हटलं, कोण म्हणते?

"पोट्टं म्हणते. मोबाईलवर आलं. मोठा धोंडा येऊन राह्यला म्हणे वरून. मंग मी सोसायटीचं कर्ज कायले भरू?"

मी हसलो, पण ते हसले नाहीत. माणूस अर्धा खरंच विचारत होता. मी बी.एस्सी. फिजिक्स, वीस वर्षांपूर्वीची. थोडं सांगितलं, थोडं चुकलं असेल. घरी येऊन दोन दिवस वाचत बसलो. जे कळलं ते इथे टाकतो, जाणकारांनी दुरुस्त करावं.

धोंड्याचं नाव अपोफिस. १९ जून २००४ ला अमेरिकेतल्या किट पीक वेधशाळेतून सापडला. इजिप्तच्या पुराणात सूर्याला गिळायला टपलेला एक साप आहे, त्याचं हे ग्रीक नाव. म्हणजे तिकडचा राहूच समजा. सरासरी ३४० मीटर आकाराचा, एका बाजूने लांबोळका. त्या वर्षी डिसेंबरात सुरुवातीच्या गणितावरून २०२९ मध्ये धडकण्याची शक्यता वाढत वाढत २.७ टक्क्यांवर गेली. टोरिनो नावाची शून्य ते दहाची धोकापट्टी आहे, तिच्यावर याला ४ मिळाले. आजवर दुसऱ्या कोणत्याही लघुग्रहाला एवढे मिळालेले नाहीत. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि जगाचं लक्ष साहजिकच तिकडे गेलं. दुसऱ्याच दिवशी, मार्च २००४ मध्ये घेतलेल्या जुन्या छायाचित्रांत हाच ठिपका सापडला, गणित पुन्हा मांडलं आणि २०२९ चा धोका संपला. पुढच्या वर्षांबद्दलची उरलीसुरली शंका मार्च २०२१ च्या रडार निरीक्षणांनी मिटवली. किमान शंभर वर्षं तरी तो पृथ्वीला लागत नाही.

तरी १३ एप्रिल २०२९ ला तो जवळून जाणार हे खरंच. जमिनीपासून साधारण ३२ हजार किलोमीटरवरून. आपल्या डिश टीव्हीचे उपग्रह जवळपास ३६ हजारांवर असतात, म्हणजे त्यांच्याही आतून. एवढा मोठा धोंडा एवढ्या जवळून जाणार हे आधीपासून माहीत असण्याची ही पहिलीच वेळ.

काकाजींना एवढंच म्हटलं, कर्ज भरा. ते म्हणाले, "पाहू."

नांगरट

काकाजींचा मुद्दा बिनतोड आहे. आमच्याकडे कर्जमाफीची वाट पाहणारे होते, आता धोंड्याची वाट पाहणारे निघाले.

सध्या पुण्यात

छान लिहिलंय. एक शंका. आधी शक्यता वाढत जाते आणि मग एकदम शून्य होते, हे जरा संशयास्पद नाही वाटत? २०२४ वायआर४ नावाच्या लघुग्रहाच्या वेळीही असंच झालं. २७ डिसेंबर २०२४ ला सापडला, १८ फेब्रुवारी २०२५ ला शक्यता ३.१ टक्के, आठवड्याभरात जवळजवळ शून्य. २२ डिसेंबर २०३२ ला तो जिथे पडू शकतो अशा पट्ट्यात भारतही दाखवत होते. आमच्या ऑफिसात तेव्हा दुसरा विषय नव्हता. लोक म्हणतात, लपवतात.

काळी माती

लपवत नाहीत. मलाही हे आधी कळत नव्हतं, मग एक बैल आठवला.

समजा रात्री तुमचा बैल सुटला. चाळीस एकरांच्या शिवारात कुठेही असेल. त्या शिवारात एक बिनकठड्याची विहीर आहे. चाळीस एकरांत एक विहीर, म्हणजे बैल तिच्यात पडला असण्याची शक्यता अगदी थोडी. मग बॅटरीच्या उजेडात खुरांचे ठसे दिसले आणि कळलं की बैल ओढ्याच्या अलीकडच्या चार एकरांत आहे. पण विहीरही त्याच चार एकरांत. आता शक्यता दहापट झाली. बैल विहिरीकडे निघाला म्हणून झाली असं नाही, तुमची शोधायची जागा लहान झाली आणि विहीर अजून तिच्यात आहे म्हणून झाली. घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं ते इथे. पुढे आणखी ठसे मिळाले, बैल तुरीत उभा दिसला, शक्यता शून्य. बैल सुरुवातीपासून तुरीतच होता.

लघुग्रहाचं हेच. दोन-चार रात्रींच्या निरीक्षणावरून पुढच्या पंचवीस वर्षांचा रस्ता काढायचा, तर चूक प्रचंड मोठ्या पट्ट्याएवढी असते. निरीक्षणं वाढतात तसा पट्टा आवळत जातो. पृथ्वी त्या पट्ट्यात असेल तोवर टक्केवारी चढते, पट्ट्याबाहेर पडली की कोसळते. जुनं छायाचित्र सापडणं म्हणजे काल संध्याकाळचा ठसा सापडणं. लांबचा ठसा मिळाला की दिशा पक्की होते.

सध्या पुण्यात

हे समजलं. विहिरीला कठडा बांधून घ्या पण.

मेहकरी

धाग्यावर लोणार अजून कसं आलं नाही? मी घेऊन येतो. आमच्या घरून अर्ध्या-पाऊण तासावर. लहानपणी पाहुणे आले की दैत्यसूदनाचं देऊळ आणि सरोवर हा ठरलेला कार्यक्रम. आजी सांगायची की लवणासुर खाली राहत होता, विष्णूने त्याला मारलं, तेच हे बीळ. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. इंग्रजांच्या कागदांत १८२३ पासून नोंद आहे, पण पुष्कळ वर्षं त्याला ज्वालामुखीचं तोंडच समजत होते, कारण आजूबाजूला सगळा काळा बेसॉल्ट. पुढे इथल्या खडकात मॅस्केलिनाइट नावाची काच मिळाली. ती ज्वालामुखीच्या उष्णतेने तयार होत नाही, तिला आघाताचा धक्काच लागतो. वाद तिथे मिटला. वयाचा वाद मात्र चालू आहे. एक मोजणी सुमारे ५२ हजार वर्षं म्हणते, दुसरी ५ लाख ७० हजार.

सांगायचं हे की आम्हा बुलढाण्याच्या लोकांना "धोंडा पडत नसतो" असं कोणी सांगू नये. पडतो. धोंडा गेला, खड्डा उरला, त्यात खारं पाणी साचलं आणि २०२० मध्ये ते गुलाबी झालं तेव्हा आख्खा महाराष्ट्र फोटो काढायला आला. गर्दी अशी की गावातल्या चहावाल्याने कपाचे दोन रुपये वाढवले.

झाडीपट्टीचा

आमच्या इकडं त पडलाच जी! २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची सांज. पुरनपोळी खाऊन आंगनात बसलो होतो. आभाळातून जळत जळत लांबच लांब रेघ गेली, एक नाही, पाच-सात तुकडे एका मागं एक. बायकांनी हात जोडले, पोरं घरात पळाली. मंग कळलं का सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीले लोखंडाची मोठी कडी पडली, दहा फूट रुंद, अन् इकडं तिकडं गोळे सापडले. लोक म्हनत उल्का हाय. थे निघालं चीनच्या रॉकेटचं भंगार.

मले सांगा, धोंडा अन् भंगार, रातच्याले वळखाचं कसं?

काळी माती

चांगला प्रश्न. तुटता तारा एक-दोन सेकंदांत विझतो. रॉकेटचं भंगार कक्षेतून घसरत आडवं येतं, मिनिटभर दिसतं, तुकडे होतात आणि सगळे एकाच वाटेने, एकाच चालीने जातात. तुम्ही पाहिलं तसंच. आणि अपोफिस या दोन्हींसारखा दिसणार नाही. तो वातावरणात शिरतच नाही, त्यामुळे जळणं नाही, शेपूट नाही, आवाज नाही. एक साधी चांदणी इतर चांदण्यांमधून हळूहळू सरकताना दिसेल. जवळ असताना त्याचा वेग सेकंदाला सात किलोमीटरच्या वर असेल. नागपूरहून निघाला तर आठ-नऊ सेकंदांत भंडारा. पण इतक्या लांबून ते जाणवत नाही.

अभिजित मुहूर्त

गणित तुमच्याजवळ राहू द्या. सापाचं नाव, शुक्रवार, १३ तारीख, आणि त्यात अमावस्या. एवढे योग जुळतात तेव्हा काहीतरी असतंच.

नांगरट

असतं ना. अमावस्या असते म्हणून चंद्र आड येत नाही आणि धोंडा चांगला दिसतो. यापेक्षा शुभ योग कोणता?

तिसरीचा वर्ग

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते, दोन शिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. हा धागा वाचून परवा शनिवारी पोरांना मैदानावर नेलं. प्रोजेक्टर नाही, पण दावं आहे, खुंट्या आहेत आणि खेळाच्या सामानातली फक्की आहे. घरच्यांनी (इंजिनिअर आहेत, त्यांचा एवढा तरी उपयोग) माप काढून दिलं. ते इथे देते, कोणालाही करता येईल.

पृथ्वी ते सूर्य हे अंतर दहा मीटर धरायचं. एक खुंटी सूर्याची. तिला दहा मीटरचं दावं बांधून पोराला गोल फिरवलं, फक्कीची रेघ ओढली, ही पृथ्वीची वाट. आता अपोफिस. सूर्याच्या खुंटीपासून साडेतीन मीटरवर दुसरी खुंटी ठोकायची. बावीस मीटर दाव्याची दोन्ही टोकं गाठ मारून माळ करायची, ती दोन्ही खुंट्यांभोवती टाकायची आणि काठीने ताणून धरत फिरायचं. जी रेघ उमटते ती २०२९ पर्यंतची अपोफिसची वाट.

पहिली गंमत, चौथीतली एक मुलगी लगेच म्हणाली, "मॅडम, हे त गोलच झालं." लंबवर्तुळ म्हटलं की पुस्तकात अंड्यासारखं चित्र असतं. खरं तर जवळजवळ गोलच असतं, फक्त सूर्य मधोमध नसतो. एका बाजूला रेघ सूर्यापासून साडेसात मीटरवर येते, दुसऱ्या बाजूला अकरा मीटरवर जाते. म्हणून ती पृथ्वीच्या रेघेला दोन ठिकाणी कापते.

दुसरी गंमत पृथ्वीची. या मापात पृथ्वी मिलीमीटरपेक्षाही लहान. मी घरून खसखस नेली होती. एक दाणा कागदावर चिकटवला आणि रेघेवर ठेवला. पोरं पालथी पडून शोधत होती. चंद्र त्या दाण्यापासून अडीच सेंटिमीटरवर, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढा लांब. आणि २०२९ मध्ये अपोफिस जाणार दाण्यापासून अडीच मिलीमीटरवरून. आख्खं मैदान एवढं मोठं आणि त्यात अडीच मिलीमीटर! मीच गप्प झाले. "जवळून जाणार" आणि "लागणार नाही" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी कशी, ते मला तिथे वाकून बघताना कळलं.

एका पोराने विचारलं, दोन जागी रेघा कापतात, मग दोन्हीकडे टक्कर का नाही होत? मला उत्तर आलं नाही. कोणी सांगेल?

काळी माती

मॅडम, नमस्कार तुम्हाला. मी दोन दिवस वाचलं, त्यापेक्षा तुमचं दावं भारी.

पोराचा प्रश्न नेमका आहे. दोन्ही रेघा तुम्ही सपाट जमिनीवर काढल्या, पण अपोफिसची वाट पृथ्वीच्या वाटेला ३.३ अंशांनी तिरपी आहे. थाळी एका बाजूने किंचित उचलल्यासारखी. तुमच्या मापात ती कुठे अर्ध्या मीटरहून थोडी कमी वर, तर कुठे अर्ध्या मीटरहून थोडी जास्त जमिनीखाली जाते. ज्या दोन जागी रेघा कापल्यासारख्या दिसतात, त्यातल्या एकीवर अपोफिस जमिनीपासून सुमारे अर्धा मीटर खालून जातो. तिथे गाठ पडणं शक्य नाही, तो उड्डाणपूल झाला. दुसरी जागा मात्र खरा चौक. तिथे तो दक्षिणेकडून वर येत नेमका पृथ्वीच्या पातळीला भेटतो.

आणि त्या चौकातून पृथ्वी दरवर्षी १३-१४ एप्रिलच्या सुमारास जातेच. आपण सगळे दरवर्षी तिथून जातो, कोणाला पत्ता नसतो. अपोफिसची फेरी सुमारे ३२४ दिवसांची, आपली ३६५ ची, त्यामुळे दोघं एकाच वेळी चौकात येणं क्वचितच. २०२९ मध्ये येतात, काही मिनिटांच्या फरकाने चुकामूक होते, एवढंच.

पुढच्या शनिवारसाठी अजून एक. इतक्या जवळून गेल्यावर पृथ्वीच्या ओढीने त्याची वाटच बदलणार. फेरी ३२४ दिवसांची होती, ती सव्वाचारशे दिवसांच्या आसपास जाईल. म्हणजे आपल्यापेक्षा लहान वर्षाचा धोंडा आपल्यापेक्षा मोठ्या वर्षाचा होणार. तुमचं दावं चारेक मीटर वाढवावं लागेल.

मेहकरी

म्हणजे तो आपल्याला धक्का देत नाही, आपणच त्याला देतो?

काळी माती

बरोबर. आणि नुसता रस्ताच नाही, त्याच्या अंगावरचे दगडधोंडे घसरतील, फिरण्याची चाल बदलेल असा अंदाज आहे. ते बघायला अमेरिकेचं एक यान आधीच वाटेवर आहे. बेन्नू लघुग्रहावरची माती २०२३ मध्ये पृथ्वीवर टाकून तेच यान नव्या नावाने अपोफिसकडे निघालं.

मुद्दाम धक्का द्यायचा प्रयोगही झालाय. २६ सप्टेंबर २०२२ ला डार्ट नावाचं यान डायमॉर्फोस या सुमारे १६० मीटरच्या धोंड्यावर आदळवलं. तो एका मोठ्या धोंड्याभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरायचा, त्यानंतर अर्ध्या तासाहून जास्त वेळ कमी लागायला लागला. म्हणजे पुढेमागे खरंच एखादा अंगावर येताना दिसला आणि हातात पुरेशी वर्षं असली, तर करण्यासारखं काहीतरी आहे. हातात वर्षं असणं महत्त्वाचं. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर जो फुटला, तो जेमतेम वीस मीटरचा होता आणि सूर्याच्या दिशेने आला म्हणून कोणाला आधी दिसलाच नाही. काचा फुटून दीड हजारांवर लोक जखमी झाले. मला भीती वाटलीच तर असल्या लहान, न सापडलेल्यांची वाटते. अपोफिसची तर कुंडली पाठ आहे.

अभिजित मुहूर्त

कुंडली म्हणालात. नोंद घेतली.

झाडीपट्टीचा

भाऊ, आपल्या इथून दिसन का नाही थे सांगा. बाकी समजलं.

काळी माती

दिसेल, पण वेळ समजून घ्या. सगळ्यात जवळ येण्याचा क्षण भारतीय वेळेनुसार १४ एप्रिलच्या पहाटे ३ वाजून १६ मिनिटांच्या आसपास. तेव्हा तो अटलांटिक महासागराच्या वर असेल, म्हणजे आपल्यासाठी पश्चिमेला मावळलेला. त्याचा सगळ्यात झगझगीत अवतार युरोप-आफ्रिकेवाल्यांच्या वाट्याला. तिथेही फार काही दिवा नाही, सप्तर्षीच्या बाजेत जो सगळ्यात मंद तारा आहे ना, जिथे खाट संपून चोरांची रांग सुरू होते, साधारण तेवढा.

आपल्याला त्याच्या आधी बघायचं. संध्याकाळी तो लांब आणि फिकट असेल, जसजशी रात्र चढेल तसा उजळत पश्चिमेकडे कलत जाईल. मध्यरात्रीच्या आगेमागे आपली वेळ. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तर अंधारं वावर हवं. गावातला नवा हायमास्ट लाईट असेल तिथून काही दिसायचं नाही. नेमकी जागा कोणत्या नक्षत्राजवळ, ते त्या आठवड्यात नकाशा बघून इथेच टाकेन.

तिसरीचा वर्ग

१३ च्या रात्री बाराला? अहो, ती भीमजयंतीची रात्र! आमच्या गावात बाराच्या ठोक्याला विहारासमोर मेणबत्त्या लागतात, मग मिरवणूक. तीन वर्षांच्या लेकरापासून ऐंशीच्या आजीपर्यंत गाव जागं असतं. वेगळं उठवायची गरजच नाही.

नांगरट

पण फटाके आणि डीजेचे लाईट? वर बघून काय दिसणार, धूर?

तिसरीचा वर्ग

मंडळाच्या पोरांशी बोलेन. माझेच विद्यार्थी आहेत. बारा ते सव्वाबारा लाईट बंद, मेणबत्त्या चालू. बाबासाहेबांच्या जयंतीला पोरांनी आभाळाचं गणित बघितलं तर कोण नाही म्हणेल? फक्त डीजेवाल्याला आगाऊ सांगावं लागेल, तो बाहेरगावचा असतो.

सध्या पुण्यात

मी त्या वर्षी रजा टाकून गावी येतो. चार वर्षांनी.

मेहकरी

तीन. २०२६ चालू आहे, पुण्यात कॅलेंडर नसतं का?

काळी माती

काल रात्री पुन्हा ओलायला गेलो होतो. काकाजी भेटले. मॅडमची खसखशीची गोष्ट सांगितली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बॅटरी काढून हरभऱ्यात गेले, नळी सरकवली, परत आले आणि विचारलं,

"म्हणजे थो आपल्या बाजूनं निघून जाते. अन् आपल्यामुळं त्याचा रस्ता बदलते."

म्हटलं, हो.

"अन् त्या रातच्याले आपली लाईन रातची राहीन का दिवसाची?"

ते मात्र कोणत्याच वेधशाळेला सांगता येत नाही, काकाजी. एवढं बोललो आणि लाईन गेली.